वेलाला बोट दाखवू नये

आमच्या घरात वेलावरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवायचं असेल, तर ते वाकवून दाखवावं लागतं. सरळ बोट दाखवलं की फळ देठापाशी पिवळं पडतं आणि कुजून गळतं, असा सासूबाईंचा कायदा आहे. चुकून दाखवलंच, तर तेच बोट लगेच दाताखाली धरून चावायचं. लग्न होऊन चिखलोलीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला माझं बोट चावावं लागलं, तेही पूजेला आलेल्या पाहुण्यांसमोर. मला हसू आवरेना. माहेरी, हेंद्रेपाड्याला, आमच्या गॅलरीत एक मनी प्लांट होता. त्याला येणाऱ्याजाणाऱ्याने बोटं दाखवली, लहान मुलांनी पानं ओरबाडली, तरी तो मेला म्हणून मरत नव्हता.

सासूबाईंचं नाव वेणू. गावात त्यांना वेणाई म्हणतात. घराच्या मागे, विहिरीला लागून, त्यांच्या वेलांचा मांडव आहे. एके काळी इथून पार डोंगरापर्यंत आमची भातशेती होती म्हणे. आता तीन बाजूंनी टॉवर आहेत आणि मधल्या तुकड्यात आमचं घर, विहीर आणि मांडव. जुने बांबू, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली नायलॉनची जाळी, आणि तिच्यावर दुधी, शिराळी, घोसाळी, काकडी, तोंडली. जमिनीवर लाल भोपळ्याचा वेल पसरलेला. मांडवाखाली भर दुपारीही हिरवा अंधार असतो. लग्नानंतर पहिले काही महिने मला ती जागा फार आवडायची. आता तिची आठवणही नको वाटते.

वेलाचं काहीच वाया जात नाही त्यांच्याकडे. शिराळ्याच्या शिरांची चटणी, भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, फुलांची भजी, जून काकडीचे घारगे. काही घोसाळी मुद्दाम वेलावरच वाळू द्यायची आणि आतलं जाळं अंघोळीला घ्यायचं. एक थोरला दुधी वाळवून, पोकळ करून, त्यात पुढच्या वर्षीचं बी ठेवलेलं असतं. तो त्यांच्या सासूच्या वेळेपासून स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला आहे. मला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी सासूबाई लगेच उठल्या. आत गेल्या आणि वाळलेल्या घोसाळ्यांच्या गठ्ठ्यातून सगळ्यांत मऊ जाळं निवडून बाजूला काढून ठेवलं, माझ्या बाळंतपणातल्या अंघोळीसाठी. मला तेव्हा रडू आलं होतं. एवढं माझं कुणी आधीपासून योजून ठेवलं नव्हतं.

सासरे, म्हणजे जनूबाबा, यांचा सगळा अभिमान विहिरीवर. ते तिला बाव म्हणतात. "खदान भरली का बाव भरते," हे वाक्य ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवतात. गावामागे डोंगराच्या पायथ्याशी दगडाची जुनी खदान आहे, खडी काढून झाल्यावर सोडून दिलेली. तिच्यात साठलेलं पाणी जमिनीखालच्या झऱ्यांनी आमच्या विहिरीत उतरतं, म्हणून ऐन मे महिन्यातही आमची विहीर आटत नाही. या पाण्यावर माझ्या नवऱ्याने, कमलेशने, टँकरचा धंदा उभा केला. आजूबाजूच्या टॉवरना पाणी आम्हीच पुरवतो. टँकरच्या मागे लाल अक्षरांत 'वेणाई वॉटर सप्लायर्स' असं लिहिलेलं आहे. सासूबाईंना वाचता येत नाही, पण टँकर रस्त्याने गेला की त्या उभ्या राहून त्या अक्षरांकडे बघतात आणि पदर नीट करतात.

कमलेश स्वतः मात्र बाटलीचं पाणी पितो. गाडीतून सीलबंद बाटल्यांचा बॉक्स आणतो आणि घरी जेवायला बसतानाही ताटाशेजारी बाटली ठेवतो. "साईटवर फिरून सवय लागली गं," म्हणतो. मी त्याला चिडवायचे की आपल्याच दुकानातला माल न खाणारा असा हा वाणी. तो हसायचा. माझं चिडवणं त्याला नेहमीच आवडतं.

तर या उन्हाळ्यात वेलांवरची फळं गळायला लागली.

निमित्त झालं राजसीचं. राजसी शेजारच्या टॉवरमध्ये राहते, बँकेत आहे, आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन ताजी भाजी न्यायला येते. मांडवाखाली आली आणि करंगळीएवढा एक दुधी बघून तिने हात लांब केला, "काकू, तो बघा ना, किती गोड आहे!" सासूबाई तिच्या अंगावर ओरडल्या, "बोट वाकव गो! वाकव ते बोट!" बिचारीला वाटलं साप आहे. ती पिशवी टाकून पळाली. मी हसून हसून खाली बसले. पण दोन-तीन दिवसांत तो दुधी टोकाकडून काळा पडला आणि गळाला. मग त्याच्या शेजारचा गळाला. मग शिराळी, मग काकड्या. फूल सुकायचं, मागे इवलंसं फळ दिसायचं, आणि सकाळी ते मातीत पडलेलं असायचं. पानांच्या कडा तव्यावर धरल्यासारख्या करपल्या होत्या.

सासूबाईंनी राजसीला भाजी देणं बंद केलं. मांडवाला काळी बाहुली बांधली. फुटक्या मडक्याला चुन्याचे ठिपके देऊन ते बांबूवर पालथं घातलं. विहिरीचं पाणी दोन्ही वेळा घालायला लागल्या, आणि जितकं घातलं तितकी फळं जास्त गळली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. नुसतं म्हणाल्या, "तेजस्वी, तू आथा मांडवाखाली नको येत जाव." मला राग आला. घरात गर्भार सून आणि मागे गळणारी फळं, गावातली कुठलीही बाई या दोन गोष्टी एकत्र बांधणार हे मला कळत होतं, आणि ते कळत होतं म्हणूनच जास्त राग आला.

रागापेक्षा मोठं एक होतं, ते म्हणजे वास. तांब्यातलं पाणी तोंडाजवळ नेलं की मला वास यायचा. गोडसर, नेलपेंटची बाटली उघडल्यावर येतो त्या जातीचा, आणि त्याच्या मागे काहीतरी जळकं. हा वास मला लहानपणापासून माहीत होता. माझे बाबा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत होते. घरी आले की त्यांच्या शर्टाला हा वास असायचा. आई त्यांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची, आमच्या कपड्यांत कधीच मिसळायची नाही, आणि त्या बादलीला आम्ही हात लावला तर पाठीत धपाटा मिळायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना असा वास येतो. बाबा रिटायर व्हायच्या आधीच गेले. शेवटी त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आईने ती बादली फेकून दिली, पण माझ्या नाकातून तो वास गेला नाही.

मी हे जेवताना सांगितलं. जनूबाबांना विहिरीला नाव ठेवलेलं सहन होईना. "पन्नास वरसं पितंय मी हा पानी," ते म्हणाले आणि नडगी खाजवायला लागले. महिनाभर त्यांना खाज सुटली होती, अंगावर चट्टे उठत होते, पण ते उन्हाने असं ठरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मना कमलेशच्या वेलेला भाताचा पन वास नको व्हायचा. पोटात पोर असला का नाक तिखट होतं." आणि कमलेश म्हणाला, "अगं, प्रेग्नन्सीत होतंच असं. गुगल कर ना. टेन्शन नको घेऊ." त्याने मोबाईलवर शोधून मला वाचूनही दाखवलं. खरंच तसं लिहिलेलं होतं. तिघांनी तीन बाजूंनी समजावल्यावर माणसाला स्वतःच्या नाकाचीच लाज वाटायला लागते.

सोनोग्राफीला सासूबाई माझ्याबरोबर आल्या. दवाखाना अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. डॉक्टर अनुया चांगल्या आहेत, समजावून सांगतात. पोटावरून यंत्र फिरवताना त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं, "हे बघा आजी, हे डोकं." सासूबाई एकदम पुढे सरसावल्या. "बाय, बोट वाकवा," त्या म्हणाल्या, आणि कसं दाखवायचं ते स्वतःचं वाकडं बोट स्क्रीनजवळ नेऊन दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसल्या. मी परतीच्या रिक्षात त्यांच्यावर चिडचिड केली.

खरं तर चिडचिड वेगळ्याच गोष्टीची होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या की बाळाची वाढ थोडी मागे आहे आणि बाळाभोवतीचं पाणी कमी आहे. घाबरायचं कारण नाही, पण लक्ष ठेवायला हवं. विश्रांती घ्या, थोडं चाला, ताज्या भाज्या खा. "आणि पाणी," त्या म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या."

सासूबाईंनी ते शब्द अगदी मनावर घेतले. तांब्याचा हंडा घासून लख्ख केला, विहिरीचं पाणी भरून माझ्या खोलीत ठेवला, आणि दर थोड्या वेळाने येऊन हंड्यात डोकावून बघायच्या. कमी झालं नसेल तर उभ्या राहून प्यायला लावायच्या. मी बाटलीचं पाणी मागितलं तर म्हणाल्या, "ता महिनोन् महिने बाटलीत कोंडलेला पानी. पोराला जित्ता पानी पाहिजे." गळण्यातून वाचलेले दुधी त्यांनी विकले नाहीत, सगळे माझ्यासाठी ठेवले. खीर केली. त्या दुधी किसत असताना मी शेजारी बसले होते आणि त्यातूनही तोच वास आला, बाबांच्या शर्टाचा, बारीक पण नक्की. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या वेलदोडे कुटत होत्या. इतक्या मायेने करत होत्या की मी नाक बंद करून वाटीभर खाल्ली, वर थोडी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात जनूबाबांना ताप आला. सासूबाईंनी ठरवलं की गुळवेलीचा काढा करायचा. अंगावरची खाजही त्यानेच जाईल, रक्त थंड होतं म्हणाल्या. गुळवेल कुठलीही चालत नाही. ती कडुनिंबावर चढलेली हवी, आणि तसा निंब एकच, खदानीच्या काठावरचा. "चल," त्या म्हणाल्या, "डॉक्टरनी तुला चालायला सांगितलाय." ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. त्या पुढे कोयती घेऊन, मी मागे. बाळ चालण्याच्या हिसक्यांनी जागं झालं होतं, लाथा मारत होतं. मी त्यांना सांगितलं तर लाजल्यासारख्या हसल्या. तेवढ्या वाटेवर आमचं छान जमलं होतं.

खदान जवळ आली तसं मला आधी कळलं. नाकाने. बाबा दारातून आत येत आहेत असं वाटलं, इतका तो वास भरून राहिला होता. मी पदर नाकाशी धरला. सासूबाईंनी मागे वळून बघितलं आणि या वेळी त्यांनीही पदर नाकाला लावला, कारण आता तो त्यांनाही येत होता.

निंब उभा होता, पण खदानीकडची त्याची अर्धी बाजू उघडी पडली होती. गुळवेल त्याच्या बुंध्यावर होती. मनगटाएवढा जाड वेल, त्याच्या वरून सोडलेल्या लांब मुळ्या खाली लोंबत होत्या, आणि सगळा काळा पडला होता. सासूबाईंनी कोयतीने तोडला. आत हिरवा असायला हवा, तो तपकिरी निघाला आणि हातात भुगा झाला. गुळवेल मरत नाही. तोडून कुंपणावर नुसती टांगून ठेवली तरी ती हवेवर जगते, नवी पानं फोडते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सासूबाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. काठाकाठाने सगळ्याच वेली करपल्या होत्या, एका रेषेत, पाणी जिथपर्यंत चढलं असेल तिथपर्यंत. खाली खदानीत जाड, गढूळ पाणी होतं आणि त्यावर तवंग.

पलीकडच्या काठावर टँकर उभा होता. त्याचा पाइप खाली सोडलेला होता आणि त्यातून पाणी पडत होतं. टँकरच्या मागे लाल अक्षरं होती. सासूबाईंनी ती बघितली. वाचता येत नसलं तरी ती अक्षरं त्या हजारात ओळखतील. सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला.

ड्रायव्हर शंकर धावतच आला. "मामी, तुमी इथं? वहिनी, तुमी लांब व्हा, इथं नका थांबू."

"काय सोरतंस?" सासूबाईंनी विचारलं.

"कंपनीचा पानी हाय."

"पानी?"

"पानीच हाय मामी. फक्त प्यायचा नाय." तो जमिनीकडे बघत होता. "कमलेशदादानी सांगितला, इथंच सोडायचा. दिवाळीपासून इथंच सोडतंय."

सासूबाईंनी कोयती तिथेच टाकली आणि चालायला लागल्या. मी मागून. येताना ज्या वाटेने आम्ही हसत आलो होतो ती आता संपता संपेना. माझ्या डोक्यात फक्त हंडा होता. घासून लख्ख केलेला, माझ्या उशाशी ठेवलेला. मी किती प्यायले होते, कितीदा त्यांच्यासमोर, त्यांना बरं वाटावं म्हणून.

घरी आल्यावर त्या मांडवाखाली जाऊन बसल्या. गळलेली फळं एकेक उचलून पदरात घेत होत्या. कमलेश येईपर्यंत तशाच होत्या.

कमलेश आला, हातपाय धुतले, पाटावर बसला, ताटाशेजारी बाटली ठेवली. जनूबाबा तापातून उठून भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई आत येऊन भात वाढायला लागल्या. मी उभीच होते. मी विचारलं, "खदानीत काय सोडतोस?"

त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शंकर बोलला वाटतं," तो म्हणाला. "अगं, काय लोचा नाय त्यात. कंपनीवाल्यांना ते दुसरीकडे पाठवायला परवडत नाय, मग ते आपल्याला देतात. सगळेच करतात हे. पडीक खदान आहे, कोणाच्या बापाची नाय. तिथलं तिथंच राहतं."

"खदान भरली का बाव भरते," जनूबाबा म्हणाले.

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. या वेळी ते इतक्या हळू बोलले की कुणी ऐकलं नसतं तरी चाललं असतं. त्यांचा नडगी खाजवणारा हात थांबला होता.

"बाबा, ते पावसाळ्यात," कमलेश म्हणाला. "आणि टॉवरवाले पितातच की. एकाची पण कंप्लेंट नाय."

"मी केली होती," मी म्हणाले. "इथेच बसून. मी म्हणाले होते, पाण्याला वास येतोय. बाबांच्या शर्टाचा वास येतोय. तू मला मोबाईल वाचून दाखवलास."

"अरे यार, मला काय पक्कं माहीत होतं का? टेस्ट थोडीच केलीये कोणी." तो उठून माझ्याजवळ आला, हात धरायला बघत होता. खरंच समजूत घालत होता, हेच मला अजून सहन होत नाही. "तू उगाच मनाला लावून घेऊ नको. वास तर मला पण येत होता."

मी त्याच्या ताटाशेजारच्या बाटलीकडे बघितलं. तोही तिच्याकडे बघायला लागला, आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो.

सासूबाईंच्या हातातली पळी भाताच्या पातेल्यात पडली. त्यांनी हात वर केला आणि पोराकडे बोट केलं. सरळ. पेराचाही बाक नसलेलं. मी त्या घरात आल्यापासून त्यांचं बोट असं कधी बघितलं नव्हतं.

"येलाला कोनाचा बोट लागला ता मी टॉवरात शोधीत होती," त्या म्हणाल्या.

"आये, बोट नको दाखवू." कमलेशचा आवाज बारीक झाला होता. जो माणूस दिवाळीपासून ते पाणी ओतत होता आणि घाबरला नव्हता, तो आईच्या बोटाला घाबरून मागे सरकला. "आये, खाली कर ना. असं नको करू."

त्यांनी ते खाली केलं नाही. तो भिंतीला लागेपर्यंत ते त्याच्यावरच होतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाळ हलत नाहीये. खदानीपासून हललेलं नाही. मी पोटावर हात ठेवला, दाबला, तिथेच आडवी होऊन कुशीवर वळून बघितलं. मी मोठ्याने म्हणाले, "आई, हलत नाहीये." कमलेश गाडीची किल्ली घ्यायला धावला. सासूबाई म्हणाल्या, "तू थांब. तुझी गारी नको," आणि मला धरून रस्त्यावर आल्या, रिक्षा थांबवली. दवाखान्यापर्यंत त्यांचा तळहात माझ्या पोटावर होता. शिवमंदिर दिसलं तेव्हा मी हात जोडले, पण देवाला काय सांगायचं तेही सुचत नव्हतं.

डॉक्टर अनुया निघायच्या तयारीत होत्या. आम्हाला बघून पर्स परत ठेवली. मला आडवं केलं, पोटावर जेल लावलं. "पाणी पिताय ना भरपूर?" त्यांनी सवयीने विचारलं.

"प्यायले," मी म्हणाले.

त्यांनी यंत्र ठेवलं. आधी काहीच ऐकू आलं नाही, नुसती खरखर. त्या यंत्र इकडून तिकडे सरकवत राहिल्या. सासूबाई माझ्या पायाशी उभ्या होत्या, उजव्या हाताचं बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरून, पोराला दाखवलेलं तेच बोट. मग खरखरीतून धडधड आली. बारीक, घाईघाईची. मी इतक्या जोरात रडले की डॉक्टर म्हणाल्या, "हलू नका, हलू नका, मला बघू द्या." त्या बराच वेळ बघत राहिल्या. वाढ अजून मागेच होती. भोवतीचं पाणी मागच्या वेळेपेक्षाही कमी होतं. पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही, म्हणाल्या. पाण्याचं मी त्यांना सगळं सांगितलं, खदानीचंही. त्यांचा चेहरा बदलला. नुसतं म्हणाल्या, "त्या घरात आता परत जाऊ नका." मग मला धीर यावा म्हणून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हे आहे ना, हे डोकं." आणि त्यांनी हात लांब केला.

बोट सरळ होतं. स्वच्छ, नख कापलेलं, भल्या बाईचं बोट. त्या काळ्या स्क्रीनवरच्या एवढ्याशा डोक्याकडे ते चाललं होतं. सासूबाई या वेळी काही बोलल्या नाहीत, त्यांना आता बोलायचा धीर राहिला नव्हता. मी जेलने माखलेल्या पोटानिशी अर्धी उठले आणि डॉक्टरांचं बोट माझ्या मुठीत पकडलं.

"वाकवा," मी म्हणाले.

"तेजस्वी, अहो, आडव्या व्हा बघू."

"आधी वाकवा."